कीड का रोग

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. सांगण्यासारखी माणसे नव्हती असे नव्हे — होती, फार जवळची होती. पण ज्या दोघांना हे सांगायला हवे होते ती दोघेही आता नाहीत, आणि ऐकणारे उरले नाहीत तेव्हा मी बोलायला बसले आहे. याला धैर्य म्हणत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तुम्हीही म्हणू नका.

आधी माझा स्वभाव सांगते. बचाव म्हणून नव्हे, पुढचे नीट समजावे म्हणून. मी अकोल्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत असे. वर्गातही मी बहुधा खिडकीकडे पाहून बोले. दुकानात गेले तर समोर ठेवलेले पहिले लुगडे घेऊन येई, कारण 'दुसरे दाखवा' म्हणायचा संकोच वाटे. लग्न केले नाही. बँकेची कामे आधी वडील करत, पुढे एक सहकारी करू लागले. निवृत्त होऊन अमरावतीला दोन खोल्यांच्या घरात राहायला आले, आणि तिथल्या रिकाम्या दुपारींत माझ्या ध्यानात आले की सर्वस्वी स्वतःच्या हातांनी, कोणाला न विचारता, मी जन्मात एकही गोष्ट केलेली नाही.

मग मी एक गोष्ट केली. तिथूनच हे सुरू झाले.

महाविद्यालयाने मोडीत काढलेला एक लॅपटॉप मी घरी आणला होता. तो सुरू होईपर्यंत माझा चहा करून, पिऊन, कप विसळून होत असे. एका मासिकात वाचले की अशा जुन्या यंत्रांसाठी एक मुक्त संगणक-प्रणाली मिळते. जगभरच्या माणसांनी मिळून ती घडवली आहे, ती कोणीही घ्यावी, स्वतःच्या यंत्रावर स्वतः बसवावी, दुसऱ्याला द्यावी. फुकट निराळे आणि मुक्त निराळे, असे त्या लेखकाने आवर्जून लिहिले होते. मला भाषेच्या माणसाला त्यातला तो शब्दच आधी आवडला — मुक्त. मी तो लेख कापून ठेवला. इंटरनेटच्या दुकानातून ती प्रणाली एका तबकडीवर उतरवून आणली — तेवढे बोलायलाही मला दोन दिवस धीर गोळा करावा लागला. आणि एका सकाळी दार लावून बसले. पडद्यावर एकेक प्रश्न येई. भाषा कोणती? मराठी होती त्या यादीत! जुने सर्व पुसून टाकायचे? पुढे जायचे? दर प्रश्नापाशी मी हात मांडीत घेऊन बसे, आणि मग स्वतःच 'होय' म्हणे. दुपार होता होता ते थकलेले यंत्र तरतरीत होऊन समोर उभे राहिले.

हसू नका — त्या दिवशी मी एकटीसाठी शिरा केला.

ते सुख किती मोठे होते हे तुम्हांला पटले नाही, तर पुढचा माझा भ्याडपणाही कळणार नाही. साठीत पाऊल ठेवलेल्या बाईला प्रथमच 'हे माझे' म्हणावेसे काही मिळाले होते. ते कोणी हिरावू नये, त्याला डाग लागू नये — एवढ्यासाठी माणूस काय काय करते?

माझी थोरली बहीण अंजनगाव सुर्जीला दिलेली. भाऊजींच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पानमळा होता — विड्याच्या पानांचा. शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या वेली, आत हिरवा गारवा. मे महिन्यातही तिथे उभे राहिले की अंगावर ओला पदर टाकल्यासारखे वाटे. आंघोळ केल्याशिवाय मळ्यात पाऊल ठेवायचे नाही, चपला बांधाबाहेर काढायच्या, मोठ्याने बोलायचे नाही. देवळाचे असते तसे सगळे. ती वर्षे आपल्या वऱ्हाडाची वाईट वर्षे होती. सकाळचे वर्तमानपत्र उघडायला हात धजत नसे. कापसाबद्दल सारे बोलत. पानमळ्यांबद्दल फारसे कोणी बोलले नाही. विहिरींचे पाणी खाली गेले, वेली मुळापासून सडू लागल्या, आणि एकेक मळा मोडत गेला. भाऊजींनी आपला मळा मोडला तेव्हा मजूरही लावले नाहीत. स्वतः वेली उपटल्या, स्वतः जाळल्या. त्या जागी सोयाबीन पेरले. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती, कोणाचे देणे नव्हते. पण मळ्यातला माणूस सोयाबीनकडे पाहुण्याच्या लेकराकडे पाहावे तसा पाहतो — कौतुकाने, पण दुरून.

आणि मग भाऊजी लिहू लागले. पुण्याला नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने आपला जुना लॅपटॉप घरी टाकला होता. गावातल्या टायपिंगच्या दुकानदाराने त्यात मराठी अक्षरे घालून दिली आणि भाऊजी एका बोटाने पानमळा लिहू लागले. वेल कशी लावायची, कशी बांधायची, वर्षातून एकदा ती खाली कशी उतरवून घ्यायची, पान कोणत्या नखाने खुडायचे. दोन हिवाळे ते लिहीत होते. का, म्हणून मी विचारले तर म्हणाले, "नातवानं इचारलं, आबा, पान कायले लागते? काय सांगू त्याले — टपरीले लागते म्हनू?"

मात्र लिहिलेले ते कोणाला वाचू देत नसत. ताईलाही नाही. "पिकू तं द्या," म्हणायचे. "मंग खुडू."

त्या दिवाळीनंतर मी अंजनगावला गेले तेव्हा भाऊजींचा लॅपटॉप अखेरच्या घटका मोजत होता. मधेच बंद पडे; पडद्यावर भलत्याच चौकटी उगवत; ही प्रत चोरीची आहे, अशी धमकी येई. आणि मी — जिने कधी कोणाला आपण होऊन पाणीसुद्धा विचारले नाही — मी म्हणाले, "भाऊजी, मी नवी प्रणाली बसवून देते. पैसे पडत नाहीत. मला येते."

भाऊजींनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिले. "फुकट हाय म्हनता? धर्माच्या गाईचे दात पाहू नये म्हनते, पन मी तं पाह्यन, मास्तरीणबाई. यात खोट काय हाय, ते सांगा आंधी."

"फुकट नाही, मुक्त आहे," मी म्हटले.

"घ्या! कालेज सुटलं, पन शिकोनं काही सुटलं नाही."

ताई आतून ओरडली, "अवो, लावू द्या ना तिले! जल्मात पयल्यांदा काही करतो म्हनून राह्यली, तं तुमी दात मोजून राह्यले!"

असा तो सोहळा सुरू झाला. ओसरीवर, भर दुपारी, भाऊजी माझ्या शेजारी पाटावर. मी सगळे रीतसर केले, हे मला सांगायलाच हवे — कारण माझा दोष निष्काळजीपणाचा असता तर मी आज इथे बसले नसते. त्यांचे सगळे लेखन आधी मी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. नीट उतरले का, हे पुन्हा पाहिले. मगच जुने पुसले. नवी प्रणाली बसत असताना भाऊजी पडद्यावरची पट्टी सरकताना पाहत होते. यंत्राला नाव द्या असा प्रश्न आला, तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिले. "मळा ठेवा," ते हलकेच म्हणाले. यंत्र सुरू झाले, झटकन झाले, आणि भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "अरे वा! हे तं पयलवान झालं!" ताईने गूळ आणून हातावर ठेवला. मी ते सारे लेखन पुन्हा यंत्रावर ठेवले आणि पहिली फाइल उघडली.

पडद्यावर मराठी नव्हते.

इंग्रजी अक्षरे होती, पण इंग्रजीही नव्हते. अक्षरांवर टोप्या, टिंबे. मध्येच उलटे प्रश्नचिन्ह, चौकोन, तुटके कंस. दुसरी फाइल उघडली. तिसरी. सगळीकडे तोच चिखल. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. तेच. भाऊजी वाकून, चष्मा काढून, पुन्हा घालून पडद्याकडे पाहत राहिले. आणि मग जे बोलले ते मला विसरता आलेले नाही.

"हे पाहा," ते बोट टेकवून म्हणाले, "हे तीन चिन्हं घडी घडी येऊन राह्यले. टिंबाच्या आंधी दर खेपी हेच. म्या बोलतो तवा शेवटी 'हाय' म्हनतो ना — तसं. मले वाटते हे माह्यंच हाय. याची फकत बोली बदलली."

तुम्ही क्षणभर थांबा इथे. मी भाषा शिकवणारी बाई. लिपी निराळी आणि भाषा निराळी, हे मी उभा जन्म पोरांना सांगत आले. आणि माझ्यासमोर एक माणूस, ज्याला त्या यंत्राचे काही ठाऊक नव्हते, तो आपल्याच वाक्यांची चाल ओळखत होता. मी काय केले? मी त्यांच्या बोटाकडे पाहिलेच नाही. माझ्या मनात एकच होते — माझ्या हातून बिघडले असे यांना वाटता कामा नये. आधीपासून बिघडलेलेच होते, असे वाटले पाहिजे. त्या जुन्या यंत्रात व्हायरस होता, हे तर मी पाहिले होते! मी म्हणाले, "नाही भाऊजी. यात व्हायरस शिरला होता. त्याने आतून खाल्ले आहे."

"व्हायरस मंजे? कीड का रोग?"

मला फरक कळला नाही. दोन्ही सारखेच, असे मला वाटले. खरे तर 'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण गुळाचा खडा अजून हातात होता, आणि ताई दारात उभी होती.

"रोग," मी म्हणाले.

भाऊजींचे बोट पडद्यावरून खाली आले. मागे सरकून त्यांनी पाठ भिंतीला टेकली. पुढे ताईकडून मला समजले: कीड असली तर मळेकरी औषध करतो, राख टाकतो, पाने वेचून काढतो, कीड लागलेली वेल वाचते. रोग लागला तर काही करायचे नसते. वेल उपटायची आणि दूर नेऊन जाळायची, नाही तर शेजारची जाते. हे दोन शब्द त्या घरात कोणी सहज वापरत नसे. मी एक उचलला आणि देऊन टाकला.

तरी त्यांनी एक दोर सोडून ठेवला होता. निघताना म्हणाले, "अमरावतीले कोनी जानकार असन तं दाखवून पाहाल काय? घाई नाही." मी हो म्हटले. पेन ड्राइव्ह पर्समध्ये ठेवला.

आणि गेले मी. खरेच गेले. राजकमल चौकाच्या पुढे संगणक दुरुस्तीची दुकाने आहेत. त्यांतल्या एकाच्या पायऱ्या चढले. आत काउंटरपाशी चार-पाच माणसे मोठ्याने बोलत होती. माझा प्रश्न मी मनात घडवला: 'मी स्वतः प्रणाली बसवली, आणि—' पुढे? 'आणि एका माणसाचे दोन हिवाळे चिखल झाले'? कोणी तरी आतून विचारले, "बोला म्याडम, काय पाह्यजे?" मी म्हणाले, "काही नाही, चुकून आले." आणि पायऱ्या उतरले. घरी आले. त्या दिवसानंतर त्या रस्त्याने जाताना मी दुसऱ्या बाजूने जाते — अजूनही.

काही दिवसांनी भाऊजींचा फोन आला. त्यांनी आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, सोयाबीनच्या भावाला नावे ठेवली, भाचा फोन करत नाही म्हणून कुरकुर केली. मग थांबले. मला ठाऊक होते ते कशासाठी थांबले आहेत.

"दाखवलं भाऊजी," मी म्हणाले. "मोठ्या जाणकाराला दाखवलं. त्यांनीही तेच सांगितलं. काही उरलेलं नाही."

हेच ते. याभोवती मी इतका वेळ फिरते आहे. 'रोग' म्हणाले ते अज्ञान होते. माझ्यापुरती मी ते अज्ञानात जमा करू शकते. पण हे वाक्य — ते मी दोन्ही पाय जमिनीवर टेकून, शुद्धीवर असताना, नीट व्याकरणात बोलले. जाणकार नव्हता. दाखवले नव्हते. मी एका दुकानाच्या तीन पायऱ्या चढून उतरले होते, इतकेच.

भाऊजी म्हणाले, "बरं झालं, इचारून घेतलं तुमी. आता तुमच्यापाशीही ठेवू नका ते. रोगट पान टोपलीत राहू देऊ नये, बाकीचे नासते." त्यांनी यंत्रावरचे सगळे पुसून टाकले — स्वतः, एका बोटाने. ताईने सांगितले, पुसून झाल्यावर विहिरीवर जाऊन आंघोळ करून आले.

मी मात्र पेन ड्राइव्ह पुसला नाही. यात काही पुण्य शोधू नका. उघडून पुसावे, तर तो चिखल पुन्हा पाहावा लागला असता. म्हणून शिवणाच्या डब्यात टाकून दिला.

उन्हे तापू लागली तेव्हा माझ्या जुन्या महाविद्यालयातून एक ई-पत्र आले. स्मरणिका निघत होती. माझा लेख तपासून द्यावा, अशी विनंती होती. सोबतची फाइल उघडली. टोप्या, टिंबे, उलटे प्रश्नचिन्ह, तुटके कंस. तोच चिखल. खाली साधीशी सूचना होती: मजकूर आमच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे, आपल्या यंत्रावर तो नसल्यास सोबत पाठवला आहे, आधी तो बसवून घ्यावा. मी तो बसवला. चार टिचक्यांचे काम. फाइल पुन्हा उघडली, आणि माझाच लेख मराठीत समोर होता — काना, मात्रा, वेलांटीसह.

आता तुम्हांला सांगण्यासारखे काही उरले का? तुम्ही माझ्याआधीच शिवणाच्या डब्यापर्यंत पोहोचला असाल.

त्याच फॉन्टने ते उघडले. वऱ्हाडातल्या बहुतेक टायपिंगवाल्यांकडे तेव्हा तोच असे. एक काना इकडेतिकडे झाला नव्हता. व्हायरस नव्हता, रोग नव्हता, कीडसुद्धा नव्हती. अक्षरे जशीच्या तशी होती; त्यांना दाखवणारा साचा मी पुसून टाकला होता आणि तो परत ठेवायला विसरले होते — विसरले कसली, तो असतो हेच मला ठाऊक नव्हते. आणि वाक्याच्या शेवटी, टिंबाच्या आधी, दर खेपेला — हाय. हाय. हाय.

मी संध्याकाळपर्यंत वाचत राहिले. ते मळ्याचे पुस्तक होते, पण निव्वळ मळ्याचे नव्हते. एक पान ताईचे होते. त्यातले थोडे सांगते. त्याची चोरी तर झालेलीच आहे.

'लगन झाल्याच्या पयल्या वरसाची गोष्ट हाय. ही घरचं काम करून भाकर घेऊन ये. बिनआंघोळीचं मळ्यात येता येत नाही, म्हनून बांधावर उभी राहे. नवऱ्याचं नाव घेता येत नाही, म्हनून डब्यावरचं झाकन वाजवे. मले पयल्याच खेपी आयकू ये. पन मी वेल बांधत राहो. तिनं आनखी एकडाव वाजवावं म्हनून. उन्हात तिचे पाय पोयत असन, हे कयत होतं, तरी. हे तिले सांगाची मले लाज वाटते. हे ती वाचन तवा तिले समजन. तिले वाचता येते.'

दुसऱ्या सकाळी मी पहिली बस धरली. दर्यापूर मागे पडेपर्यंत मी वाक्ये जुळवली: 'भाऊजी, तुमचे बोट बरोबर होते. मी चुकले, आणि वर खोटे बोलले.' इतकीच. अवघड आहेत का? व्याकरणदृष्ट्या तर मुळीच नाहीत.

ओसरीवर भाऊजींसोबत मुनाफभाई बसले होते — भाऊजींची पाने पूर्वी तेच घेत, टोपल्या भरून बऱ्हाणपूरपर्यंत पाठवत. आता दोघेही रिकामे झाल्यामुळे रोज सकाळी एकमेकांना शिव्या द्यायला भेटत. मला पाहताच भाऊजी उठून उभे राहिले. "मुनाफभाई, ह्या आमच्या मास्तरीणबाई. सांगत होतो ना? माह्यासाठी अमरावतीले जानकाराले दाखवाले गेल्या. एवढी लाजरी बाई, दुकानात शिराले भेते. तरी गेल्या."

"अरे, क्या बात है," मुनाफभाई म्हणाले. "आमचे पोट्टे तं मोबाइलचा आवाज वाढवून देत नाही, बाई. मन्ते, टैम नाही!"

"तं यायले टैम भेटला, पाहा," भाऊजी म्हणाले. "जाऊ द्या. गेलं ते गेलं. पन कोनी तरी पाह्यलं ना आपल्यावालं, एवढं बरं वाटते."

मी पर्स मांडीवर धरून बसले. त्या पर्समध्ये त्यांचे सारे होते. मी चहा प्यायले.

मुनाफभाई गेल्यावर मी कशीबशी म्हणाले, "पुन्हा लिहाल का भाऊजी?" ते हसले. "एकडाव जमिनीवर मोडला. एकडाव यंत्रात मोडला. तिसऱ्या खेपी हात उठत नाही." हीच ती घटका होती. यानंतर याहून सोपी घटका कोणाला मिळते? पर्स उघडायची होती फक्त. त्यांना आनंद झाला असता — केवढा आनंद! आणि त्या आनंदात क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांनी माझ्याकडे पाहिले असते. तो जाणकार कोण होता, असे विचारलेही नसते. त्यांना न विचारताच कळले असते. त्या एका क्षणाची किंमत मी त्यांच्या दोन हिवाळ्यांपेक्षा जास्त लावली.

पुढच्या खेपेला सांगू, असे ठरवून मी दुपारच्या बसने परत आले.

पुढची खेप झाली ती भाऊजींच्या तेराव्याला. मृगाच्या आधी, सकाळी सोयाबीनसाठी शेत पाहायला गेले होते. बांधावरच बसले आणि तिथेच गेले. चपला बांधाबाहेर काढलेल्या होत्या, असे कोणी तरी म्हणाले. तिथे आता मळा नव्हता, तरी.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी ताईला द्यायचे. म्हणा. मीही मला तेच म्हणत आले. 'आत्ताच सापडले' असेही सांगता आले असते. त्यात माझी अब्रूही वाचली असती आणि ताईला तिचे पान मिळाले असते. एवढे मोठे खोटे बोललेल्या बाईला हे लहानसे, दुसऱ्याच्या भल्याचे खोटे जड का व्हावे? याचे उत्तर मला देता येत नाही. मी महिनोन्‌महिने ते दिले नाही, आणि मग वर्षे झाली, आणि प्रत्येक वर्षाने 'आत्ताच' हा शब्द आणखी अशक्य केला.

ताई गेली त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे राहायला गेले होते. दुपारी आम्ही दोघी अंगणात उन्हाला बसलो होतो. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. तिची नजर शेवटपर्यंत चांगली होती, वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाची. शेंग सोलता सोलता, माझ्याकडे न पाहता, तिने विचारले, "शकू, तुनं तं ते यंत्र उघडून पाह्यलं होतं. यायनं जे लिवलं होतं, त्यात माह्याबद्दल काही होतं काय गं? येखादी ओळ?"

"माहीत नाही ताई," मी म्हणाले. "वाचता आलंच नाही ना ते."

तिने शेंगांची टरफले पदरात गोळा केली आणि हसून म्हणाली, "नसनच. त्यायले मळ्याबाहेरचं काही सुचेच नाही."

मी तिच्या सुपातल्या शेंगा घेतल्या आणि सोलू लागले.